मोहीम संपल्यानंतरचे पंधरा दिवस

आषाढ-श्रावणात नाणेघाटचा उलटा धबधबा पाहायला येणारी गर्दी निराळी आणि दिवाळीनंतर घाटघरला एस.टी.तून उतरणारी मंडळी निराळी. पहिल्या गर्दीला भाजलेले कणीस, चहा आणि फोटो एवढे पुरते. दुसऱ्या मंडळींच्या पाठीवर दहा-बारा किलोंचे ओझे असते आणि त्यांना नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, दुर्ग, आहुपे असे करीत भीमाशंकर गाठायचे असते. तीन दिवस, कधी चार. जुन्नर तालुक्यात सुरू होणारी आणि आंबेगावच्या डोंगरांतून जाणारी ही चाल महाराष्ट्रातल्या खडतर पायपिटींपैकी एक आहे. अलीकडे तिला हौशी लोकही येतात. बँकेत, शाळेत, दुकानात बसून काम करणारे, चाळिशी ओलांडलेले. याचा मला डॉक्टर म्हणून आनंदच आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. या चालीची तयारी कशी करावी, बूट कोणते घ्यावेत, पाणी किती न्यावे, यावर सांगणारे पुष्कळ भेटतात. भीमाशंकरला पोहोचल्यावर पुढे काय, हे कोणी सांगत नाही. रविवारी रात्री उशिरा घरी पोहोचायचे, सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे आणि मंगळवारी मित्रांच्या गटात पुढच्या महिन्यातील याहून मोठ्या मोहिमेची घोषणा करायची, हा आता रिवाज झाला आहे. मॅरेथॉन पळणाऱ्यांचेही तेच आणि शेकडो किलोमीटर सायकल हाकणाऱ्यांचेही तेच. मला हे मान्य नाही. मोहीम भीमाशंकरच्या देवळापाशी संपत नाही. ती त्यानंतर सुमारे पंधरा दिवसांनी संपते. हे पंधरा दिवस निघण्यापूर्वीच ठरवलेले असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही काही पाश्चात्त्यांकडून आणलेली कल्पना नाही. पंढरपुरात आषाढी यात्रेच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात. त्या दिवसापासून देव झोपत नाही. भाविकांसाठी चोवीस तास उभा राहतो आणि त्याला टेकायला पाठीशी लोड देतात. यात्रा संपली की प्रक्षाळपूजा होते. देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, पलंग पुन्हा मांडतात आणि रात्री शेजारतीच्या वेळी शिणवटा जावा म्हणून औषधी काढा देतात. दोन-अडीच आठवडे उभे राहिलेल्या देवाला थकवा आला असणार, हे ज्यांनी ही पूजा ठरवली त्यांना कळत होते. आणि हे उपचार यात्रेच्या कार्यक्रमातच धरलेले आहेत. देव थकला की नाही ते नंतर पाहू, असे नाही.

नाणेघाटच्या माथ्यावरही तेच दिसते. सातवाहनांच्या काळी घाट बांधणाऱ्यांनी तिथे प्रशस्त लेणे कोरले आणि आसपास पाण्याची टाकी खोदली. लेण्यातील नागनिका राणीचा ब्राह्मी शिलालेख आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण आपण पाहतो, मुलांना दाखवतो. टाक्यांकडे मात्र दुर्लक्ष होते. वैशाखऱ्याच्या बाजूने उभा चढ चढून आलेल्या माणसाला आणि लादलेल्या जनावराला जुन्नरची वाट धरण्यापूर्वी पाणी आणि सावली लागणारच, हा हिशेब घाटाच्या बांधणीतच आहे. असो.

आता शरीरात काय होते ते पाहू. लांबच्या चालीत स्नायूंतील साखरेचा साठा संपत येतो. तो पोटभर भात-भाकरी खाल्ल्यास साधारण एक ते दोन दिवसांत पुन्हा भरतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणसाला तरतरी वाटते आणि तिथेच फसगत होते. कारण साखर भरली तरी स्नायूंच्या तंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरा भरलेल्या नसतात. या चिरा चढताना कमी आणि उतरताना जास्त पडतात. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. जीवधनच्या पायऱ्या उतरताना किंवा आहुप्याचा उतार धरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचा भार पेलतो. दोर सैल सोडत ओझे खाली उतरवणाऱ्याच्या हातांना जसे काचते, तसे हे आहे. म्हणून चाल संपल्यावर लगेच फारसे दुखत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे दुखणे आठवडाभरात जाते. मात्र दुखणे गेले म्हणजे दुरुस्ती पूर्ण झाली, असे नव्हे. सांधे, अस्थिबंध आणि हाडे यांना स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो. पळणाऱ्यांमध्ये एक जुना आडाखा आहे: शर्यतीच्या प्रत्येक मैलामागे एक दिवस जोराचा व्यायाम नाही. मॅरेथॉन सव्वीस मैलांची. म्हणजे जवळजवळ महिना. आडाखाच आहे तो, शास्त्रवचन नव्हे. पण घाई करणाऱ्याने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे.

यात एक चांगली गोष्टही आहे. ही झीज नीट भरून आली, तर तेच स्नायू पुढच्या उताराला कमी दुखतात. शरीर धडा घेते. पण त्यासाठी त्याला सवड लागते.

आता धोक्याचे सांगतो. हा भाग वाचकांनी कापून ठेवला तरी चालेल.

क्वचित, पण घडते असे की, स्नायूंची झीज फार मोठी होते आणि त्यांतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतात. अशा रुग्णाची कहाणी जवळजवळ ठरलेली असते. तीन दिवस कमी पाण्यावर, उन्हात चाल; पाय दुखतात म्हणून दर चार-सहा तासांनी वेदनाशामक गोळी, तीही बहुधा रिकाम्या पोटी; घरी आल्यावर ‘अंग मोकळे व्हावे’ म्हणून व्यायामशाळेत बैठका. मग लघवी कमी होते आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा होतो. घरात कोणी म्हणते उन्हाळी लागली, सब्जा घे. दोन दिवस सब्ज्यात जातात. हे दोन दिवस फार मोलाचे असतात. वेळेवर शिरेतून सलाईन मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर डायलिसिसची वेळ येऊ शकते. म्हणून कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी, लघवी फारच कमी होणे, मांड्या टणक सुजणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या अंगात पाणी कमी असताना घेऊच नयेत. त्या दुखणे दाबतात आणि नेमक्या त्याच वेळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. औषधाच्या दुकानात त्या सहज मिळतात, म्हणून त्या निरुपद्रवी ठरत नाहीत.

दुसरा धोका खास आपल्या भागातला. पावसाळ्यात घाटघरकडे जाणारी वाट भातखाचरांच्या बांधांवरून जाते. पायांना फोड, ओरखडे, त्यावर खाचराचे पाणी. उंदरांच्या व गुराढोरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेवाटे शरीरात शिरतात आणि साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. डोके दुखते, डोळे लाल होतात, पोटऱ्या विलक्षण दुखतात. माणूस म्हणतो, ‘चालण्याचा थकवा आहे, दोन दिवसांत जाईल.’ थकव्याने पोटऱ्या दुखतील, पण दहा दिवसांनी एकशे दोन ताप येणार नाही. पावसाळी भटकंतीनंतर महिन्याच्या आत ताप आला तर डॉक्टरांना भटकंती झाली हे आवर्जून सांगा. ते विचारतीलच असे नाही. रोग लवकर ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने आटोक्यात येतो.

एकाच पोटरीला सूज व वेदना, हाडावर बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखणे, छातीत दुखणे किंवा दम लागणे, हीही थकव्याची लक्षणे नव्हेत. पोटरीच्या सुजेचा संबंध परतीच्या प्रवासाशी असू शकतो. तीन दिवस पाय झिजवून मग सहा तास गाडीत पाय दुमडून बसले की रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वाटेत तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालावे.

आहाराबद्दल फार लिहीत नाही, कारण आपल्या घरात जे शिजते ते उत्तम आहे. वरण-भात, नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी, हुलग्याचे माडगे, ताक, केळी, शेंगदाणे-गूळ, खाणाऱ्यांना अंडी. साठ किलो वजनाच्या माणसाला एरवी दिवसाला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने पुरतात. या दिवसांत सत्तर ते नव्वद ग्रॅम लागतात. मूठभर शेंगदाण्यांतून सात-आठ ग्रॅम मिळतात आणि एका अंड्यातून सहा, त्यावरून हिशेब करावा. डब्यातली महागडी पूड विकत घेण्याची गरज मला वाटत नाही. पाणी तहानेनुसार प्यावे. फार प्याले की चांगले, हा गैरसमज आहे. नुसते पाणीच पाणी पिण्याने रक्तातील सोडियम घसरून माणूस बेशुद्ध झाल्याची उदाहरणे लांबच्या शर्यतींत नोंदली गेली आहेत. घरी करायचे झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

झोप मात्र उधार ठेवू नये. पहिल्या चार-पाच रात्री नेहमीपेक्षा तासभर जास्त झोपावे. मोहिमेचा खर्च मांडताना प्रवासभाडे, शिधा, वाटाड्याचे पैसे सगळे मांडतो, त्यातच परत आल्यानंतरची एक दिवसाची रजा धरावी. ती मिळत नसेल तर मोहीम एक दिवसाने लहान करावी. रजा नसताना तीन दिवसांची चाल करण्यापेक्षा रजेसह दोन दिवसांची चाल शहाणपणाची.

पहिले तीन दिवस विश्रांती म्हणजे खाटेवर पडून राहणे नव्हे. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे सपाटीवर रमतगमत चालावे, हलके तेल चोळावे. चौथ्या दिवसापासून सायकल किंवा पोहणे चालेल. दुसऱ्या आठवड्यात नेहमीच्या निम्मा व्यायाम. सकाळी जागे झाल्याबरोबर, अंथरुणातच नाडी मोजण्याची सवय मोहिमेच्या आधीपासून ठेवावी. एरवी मिनिटाला चौसष्ट असणारी नाडी सलग दोन-तीन दिवस बहात्तर-चौऱ्याहत्तर राहिली, तर शरीर अजून दुरुस्तीच्या कामात गुंतलेले आहे असे समजावे. यासाठी मनगटावर यंत्र हवेच असे नाही. सेकंदकाट्याचे घड्याळ पुरते.

मनाचे काय, असा प्रश्न एका शिक्षक वाचकाने पत्रातून विचारला आहे. ‘चार महिने तयारी केली, चाल सुखरूप पार पडली, आणि आठवड्याभरात काही करावेसेच वाटेना, हा आजार आहे का?’ नाही. लग्न पार पडल्यावर मांडव उतरलेल्या घरात जे वाटते, तेच हे आहे. कित्येक महिने रोजच्या दिवसाला एक दिशा होती, ती एकाएकी गेली. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरते. त्यापुढेही झोप, भूक, कामातले लक्ष बिघडलेले राहिले तर मात्र डॉक्टरांशी बोलावे.

पण या रिकामपणाला भिऊनच बहुतेक लोक घाईघाईने नवे लक्ष्य ठरवतात आणि ते नेहमी आधीच्यापेक्षा मोठे असते. तीन दिवसांनंतर सहा दिवस, बेचाळीस किलोमीटरनंतर साठ, मग शंभर. हे मला व्यसनाच्या वळणावर जाणारे वाटते. व्हिएन्नात २०१९ साली मॅरेथॉनचे अंतर दोन तासांच्या आत कापणारे केनियाचे एलिउड किपचोगे ऐन भरात असताना वर्षाला साधारण दोनच मॅरेथॉन पळत. आमच्याकडचे हौशी धावपटू हिवाळ्यात दर महिन्याला एक पळतात आणि मार्चमध्ये गुडघा दाखवायला येतात.

लक्ष्य मोठे करण्याऐवजी निराळे करता येते. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांचे उदाहरण आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या येऊन त्यांचे नाव झाले होते. आणखी लांब पळणे त्यांना अवघड नव्हते. त्या वळल्या तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, म्हणजे अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या. अंतर मॅरेथॉनच्या चौदाव्या हिश्श्याएवढे. कौशल्य मात्र सगळे नवे. २०१४ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक, २०१५ मध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्ण, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरी. अंतिम शर्यतीत त्या दहाव्या आल्या. १९८४ मध्ये पी. टी. उषा धावल्या, त्यानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

वारकऱ्याचे गणित याहूनही वेगळे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत तो अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच चालतो. यंदा अठरा दिवस लागले, पुढच्या वर्षी पंधरात जाऊ, असे कोणी म्हणत नाही. सत्तरीतले लोक ही चाल निभावतात, त्यामागे श्रद्धा आहेच. पण मुक्काम, विसावे आणि दरवर्षी तेच ठरलेले अंतर यांचाही त्यात वाटा आहे, असे मला वाटते. ज्याने घाटघर-भीमाशंकर तीन दिवसांत केले, त्याने पुढच्या वर्षी तेच चार दिवसांत करावे. एखाद्या दिवशी दुर्गवाडीच्या पठारावर नुसते बसावे. किंवा मुलीला घेऊन एकटा जीवधन करावा. यात कमीपणा कसला?

नवे लक्ष्य कधी ठरवावे? पंधरा दिवस कोणाला काही जाहीर करू नये. जिना उतरताना पाय कुरकुरत नाहीत, नाडी पूर्वीसारखी झाली आहे, झोप गाढ लागते आणि मुख्य म्हणजे कोणी न सांगता एखाद्या सकाळी डोंगराकडे पाहून जावेसे वाटते, अशा वेळी वहीत लिहावे. आधी लिहिलेले बहुधा दुसऱ्या कोणाला दाखवण्यासाठी असते.

इथवर जे लिहिले ते हौसेने थकणाऱ्यांविषयी. पण घाटघर, अंजनावळे या पट्ट्यात सर्वांत लांब चालणारी कसोटी कोणती असेल तर ती जुलैमधली भातलावणी. दहा-पंधरा दिवस, सकाळपासून अंधार पडेपर्यंत, गुडघाभर चिखलात, पाठीवर इरले घेऊन, कमरेत वाकून. तिला कोणी मोहीम म्हणत नाही, प्रमाणपत्र देत नाही. लावणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच बाया पाणी आणि सरपण आणतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, कंबर धरलेली असते, आणि वर सांगितलेला लेप्टोचा ताप त्यांनाच सर्वांत आधी गाठतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. तूप-हळद लावून त्याचे खांदे शेकतो, जू उतरवतो. लावणी करणाऱ्या बाईसाठी असा एकही दिवस आपल्या पंचांगात नाही. घरातल्या पुरुषांनी लावणीनंतरचे दोन दिवस चूल, पाणी आणि गुरे सांभाळली तर ते औषधापेक्षा गुणकारी ठरेल. रोज संध्याकाळी पाय स्वच्छ पाण्याने धुऊन, बेचके कोरडे करून खोबरेल लावावे. जखम असेल तर ती झाकून मगच खाचरात उतरावे. आणि लावणीच्या आधी आपल्या आरोग्य केंद्रात लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. जोखमीच्या कामातील लोकांना ती डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येते.

भीमाशंकरची चाल नेणाऱ्या संस्थांना एक विनंती. कार्यक्रम शनिवारी संपवा, रविवार लोकांना घरी द्या. आणि निरोप घेताना प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या. तिच्यावर तीनच ओळी असाव्यात: लघवी चहासारखी झाली, एका पोटरीला सूज आली, किंवा महिन्याच्या आत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा आणि वाटाड्यांनाही द्या. मंडळी भीमाशंकरहून गाडीने घरी जातात. वाटाडे मात्र पुष्कळदा दुसऱ्या दिवशी चालत घाटघरला परततात आणि तिसऱ्या दिवशी पुढची तुकडी घेऊन निघतात.